यादीतलं पहिलं नाव

“आजपासून आपला कोड स्वच्छ,” मिहीर टिपणीस म्हणाला आणि काचेच्या भिंतीवर हिरव्या मार्करने अकरा हा आकडा काढून त्याने त्याभोवती गोल केला. “शंभरातले अकरा. ही आपली लाज आहे.”

मिहीर आमचा प्रमुख. वय चौतीस. गेल्या सहा वर्षांत त्याने कोडची एक ओळ लिहिली नव्हती, पण बंगळुरूला गुणवत्तेवरचं दोन दिवसांचं शिबिर करून तो परत आला होता आणि त्यानंतर ‘स्वच्छ’ या शब्दाशिवाय त्याला पाणीही मागता येत नव्हतं. कोड तपासायला मुंबईहून ऑडिटर यायला अजून सहा आठवडे होते. ‘आम्ही अ श्रेणी’ असे टी-शर्ट मात्र छापून तयार होते. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

आमची कंपनी बाणेरला चौथ्या मजल्यावर होती. लोकांच्या बँक खात्यातून दरमहा वर्गणी आपोआप घेणारं सॉफ्टवेअर आम्ही चालवायचो. जिमवाले, मासिकवाले, पाणी शुद्ध करायची मशिनं भाड्याने देणारे, मोबाइलवरून शेतातली मोटर चालू-बंद करणारे स्टार्टर विकणारे, असे सगळे आमच्याकडे यायचे. ग्राहकाने एकदा बँकेला परवानगी दिली की पुढचं आम्ही बघायचो. तारीख आली की पैसे मागायचे, मिळाले तर सेवा चालू ठेवायची, नाही मिळाले तर बंद करायची. ऐकायला सोपं आहे. कोड मात्र सात वर्षांत सोळा जणांनी लिहिलेला होता आणि त्यातले बारा सोडून गेले होते. ठिगळाला ठिगळ लावलेल्या गोधडीसारखं ते प्रकरण होतं. गोधडी निदान ऊब तरी देते.

“शंभर वेळा पैसे मागतो आणि अकरा वेळा नापास होतो,” मिहीर म्हणाला. “का?”

का ते सगळ्यांना माहीत होतं. चाचणीसाठी आमच्याकडे वेगळी व्यवस्था होती, पण ती आठवड्यातले चार दिवस बंद असायची. म्हणून जो तो खऱ्या ग्राहकांच्या यादीतच खोटे ग्राहक बनवून आपलं काम तपासायचा आणि ते तसेच ठेवून घरी जायचा. अशी शेकडो खाती साठली होती. दर महिन्याला सॉफ्टवेअर इमानेइतबारे त्यांच्याकडे पैसे मागायचं, बँक ‘असं खातंच नाही’ म्हणून सांगायची आणि ते आमच्या नापासात जमा व्हायचं.

या खोट्या ग्राहकांना नावं द्यायची आमच्याकडे एक पद्धतच पडून गेली होती. दगडू, धोंडू, केरू, उकिरडा, भिकाबाई, नकुसा. टाइप करताना शेजारचा हसला पाहिजे, एवढी एकच अट. कोणी सुरू केलं ते देव जाणे. कोडमध्ये एकही नियम न पाळणारी ही मंडळी हा नियम मात्र निष्ठेने पाळत होती.

“खोटी खाती बाजूला काढायला हवीत,” शलाका म्हणाली. शलाका बिडवे आमची टेस्टर. लातूरची, सडसडीत, कुणाचीही भीड न ठेवणारी. मीटिंगमध्ये तीच एकटी वहीत लिहून घ्यायची. “एकेक खातं बघून त्यावर खूण करावी लागेल. पंधरा दिवस तरी जातील.”

“पंधरा दिवस कुणाकडे आहेत?”

“नावावरून करता येईल,” मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे वळले. हे मला आवडायचं. त्या कंपनीत मी हुशार म्हणून ओळखला जायचो आणि मलाही त्यात काही अतिशयोक्ती वाटत नव्हती. वासरात लंगडी गाय शहाणी, हे मला तेव्हाही कळत होतं. पण शहाणी गायच, असं मी धरून चाललो होतो.

“नावं ठरलेलीच आहेत,” मी म्हणालो. “त्यांची यादी करू. ज्याचं पहिलं नाव यादीत आहे ते खातं डमी. त्याच्याकडे पैसे मागायचेच नाहीत. मागितलेच नाहीत तर नापास होणार कुठून?”

मिहीरचा चेहरा उजळला. “हे स्वच्छ आहे,” तो म्हणाला.

“आणि खऱ्याच माणसाचं नाव तसं असलं तर?” शलाकाने विचारलं.

“शलाका, आपण कुठल्या सालात आहोत? आज असं नाव कोण ठेवतं?”

“आज नसतील ठेवत. सत्तर वर्षांपूर्वी ठेवत होते. ती माणसं अजून आहेत की.”

“असतील. पण ती ॲप वापरत नाहीत.” खोलीत हशा झाला. मिहीर माझ्याकडे वळला. “हेमंत, तू तिकडचाच ना, सांगली साइडचा? आहे का तुझ्या ओळखीत कोणी दगडू?”

“नाही रे,” मी म्हणालो आणि यादीतलं पहिलं नाव टाइप केलं. दगडू.

मग भेंड्या लावल्यासारखी नावं यायला लागली. एकाने धोंडाबाई सांगितलं, दुसऱ्याने गेनू, तिसऱ्याला मसणू आठवलं आणि तो स्वतःच पोट धरून हसला. पंधरा मिनिटांत सदतीस नावं झाली. शलाका हसत नव्हती. तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि खाली दोनदा रेघ मारली.

काम अर्ध्या दिवसाचं होतं, मी ते दोन तासांत केलं. यादीतलं नाव दिसलं की सॉफ्टवेअर त्या माणसाला ओलांडून पुढे जायचं. ना चूक दाखवायचं, ना कुठे नोंद करायचं. तक्रार निवारणाच्या मुलींच्या पडद्यावर अशा खात्यांवर लाल अक्षरांत ‘चाचणी खाते’ असं यायचं. मग गुणवत्तेच्या नियमाप्रमाणे मी स्वतःच्या कोडच्या चाचण्याही लिहिल्या. त्या काय तपासत होत्या? दगडू आला की सॉफ्टवेअर त्याला ओलांडतं की नाही, एवढंच. ओलांडत होतं. सदतीसच्या सदतीस चाचण्या हिरव्या आल्या. आम्ही चूक केली होती आणि ती चूक अगदी बिनचूक होतेय याचा पुरावाही जोडला होता.

पुढच्या महिन्यात अकराचे दोन झाले. कोड तपासून गुण देणाऱ्या सॉफ्टवेअरने आम्हाला ‘अ’ दिला. मिहीरने केक आणला, केकवर हिरव्या क्रीमने बरोबरची खूण होती. यंदाचा गुणवत्ता सन्मान हेमंतचा, असं त्याने तोंडात केक असतानाच जाहीर करून टाकलं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, पण सोनुबाई तेव्हा भलतीच खुशीत होती.

ऑडिटला चार दिवस उरले असताना शलाका माझ्या टेबलाशी आली. तिने मिहीरलाही खूण करून बोलावलं. हातात वही होती.

“दगडू तुकाराम गळवे,” ती म्हणाली. “आटपाडीजवळची वाडी. वय त्र्याहत्तर. पंपाचा स्टार्टर घेतलाय, दीड वर्ष दरमहा पैसे व्यवस्थित जात होते. मागच्या महिन्यात आपण मागितलेच नाहीत. पैसे आले नाहीत म्हणून आपल्याच सॉफ्टवेअरने त्यांचा स्टार्टर बंद केला.”

“एकच ना?” मिहीरने विचारलं.

“फोन करणारे एकच. नऊ वेळा केलाय. पडद्यावर चाचणी खातं दिसतं, म्हणून आपल्या मुली दहा सेकंदांत फोन कापतात. तशी सूचनाच आहे त्यांना. नवव्या वेळी त्यांनी विचारलं, मी खोटा आहे का म्हणून. ती मुलगी माझ्याकडे आली, म्हणून कळलं.”

“हातानेही चालू करता येते ना मोटर?”

“येते. विहीर ओढ्याच्या पलीकडे आहे आणि फेब्रुवारीत त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. घरात दोघं म्हातारा-म्हातारीच. रोज काठी टेकत जातात. परवा ओढ्यात पडले, मनगट सुजलंय. नाही गेले तर डाळिंबाची चारशे झाडं वाळतील.” तिने वही मिटली. “यादी काढून टाका. खाती मी एकेक करून तपासते.”

“आणि तोपर्यंत आकडा परत अकरावर? ऑडिटरसमोर?” मिहीरने आवाज खाली आणला. “एका माणसासाठी? त्यांना सांग, ॲपमध्ये नाव बदला. दिलीप करा, दिगंबर करा, काहीही.”

“काहीही कसं करतील?”

इथे मी तोंड घातलं. मला कोणी विचारलं नव्हतं. “नाव बदलायची गरज नाही,” मी म्हणालो. “नुसतं पहिलं अक्षर ठेवायचं. डी. गळवे. यादीत डी नाही, त्यामुळे सॉफ्टवेअर ओलांडणार नाही. बरेच जण लिहितात तसं.”

बोलताना माझ्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र लटकत होतं. त्यावर हेमंत डी. खरमाटे असं छापलं होतं.

“ब्रिलियंट,” मिहीर म्हणाला. “तूच फोन कर. त्यांची भाषा तुला जमेल.”

शलाका वही घेऊन आपल्या जागेवर गेली. मी लहान मीटिंग रूममध्ये जाऊन दार लावलं आणि नंबर फिरवला. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

“हॅलो, दगडू गळवे बोलताय का?”

“बोलतोय की. कोन?”

“मी पुण्याहून हेमंत बोलतोय. तुमच्या स्टार्टरच्या तक्रारीबद्दल.”

“आला व्हय एकदाचा. मला वाटलं तुमच्याकडं मानसंच न्हाईत, नुस्त्या पोरी ठिवल्यात फोन कापाय.”

“चूक आमच्याकडून झाली, आजोबा. माफ करा.”

“आवो, पैसं हाइत की खात्यावर. म्या बँकेत जाऊन बघून आलो. घ्या म्हनलं तर कुनी घेईना. आसला सावकार म्या जन्मात बघितला न्हाई.”

मला हसू आलं आणि मी ते दाबलं. “अडचण तुमच्या नावाची आहे. आमच्या कॉम्प्युटरला ते चालत नाही.”

“चालत न्हाई म्हंजी? शिवी हाय का ती?”

“नाही, नाही. तसं नाही. फक्त दगडू लिहायच्या ऐवजी नुसतं डी लिहू. डी. तुकाराम गळवे. आज केलं की उद्या सकाळी मोटर मोबाइलवरून सुरू होईल.”

तिकडे मागे कुठेतरी शेळी ओरडत होती.

“डी?”

“इंग्रजी डी. बरेच जण लिहितात.”

“कोन लिवतं?”

“बरेच जण,” मी परत म्हणालो.

“साहेब, बँकेत दगडू हाय. सातबाऱ्यावर दगडू हाय. आधारवर दगडू हाय. निवडनुकीच्या यादीत बी दगडूच हाय, तितं कुनी कापलं न्हाई मला. तुमच्याच वहीत का चालत न्हाई?”

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते देता येण्यासारखं नव्हतं. आम्ही पंधरा जण काचेच्या खोलीत बसून तुमच्या नावाला हसलो, असं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, “सिस्टीमचा प्रॉब्लेम आहे.” कॉम्प्युटरवाल्याची लाज झाकायला याच्याइतकं मोठं धोतर दुसरं नाही.

“माझ्या आदी आईची तीन गेली,” ते म्हणाले. रागाने नव्हे, माहिती द्यावी तसं. “राजाराम, भगवान आनि एक पोरगी. चांगली नावं ठिवली, देवानं नेली. माझ्या टायमाला मातारीनं नाक टोचलं, उकिरड्यावर नेऊन ठिवलं आनि परत उचलून आनलं. म्हनली, ह्यो दगूड हाय, ह्याला कोन नेतंय. नेलं न्हाई बगा. त्र्याहत्तर झाली. ह्या नावावर जगलोय म्या.”

पुढचं मला ऐकायची गरज नव्हती. ही गोष्ट मला पाठ होती. माझी आजी जोंधळे निवडताना ती सांगायची. तिची दोन गेली होती, तीन नव्हे, एवढाच काय तो फरक. उकिरडा तोच, टोचलेलं नाक तेच, आणि जो जगला त्याचं नावही तेच. माझ्या वडिलांचं नाव दगडू. दगडू सखाराम खरमाटे, एसटीच्या जत डेपोत टायर विभाग.

त्या नावाची आबांना कधी लाज वाटली नाही. आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर ते टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं. नावं घालणारा फेरीवाला अक्षराला दहा पैसे घ्यायचा. बाकीचे लोक पहिलं अक्षर आणि आडनाव घालून पैसे वाचवायचे, आबा पूर्ण घालायचे. माझ्या बारशाचं एक फुलपात्र होतं, त्यावर तर ‘चि. हेमंत दगडू खरमाटे’ अशी फेरीच पूर्ण होत आली होती. पुण्याला शिकायला निघालो तेव्हा आबांनी ते माझ्या पिशवीत घातलं. मी ते गुपचूप काढून परत फडताळात ठेवलं. वसतिगृहात कुणी वाचलं असतं तर? तेव्हापासून मी डी होतो. बाप कोण हे कुणी विचारू नये अशा बेताने मी अकरा वर्षं काढली होती आणि त्याला मी स्मार्टपणा म्हणत होतो.

“हॅलो? हाइसा का?” फोनवरून आवाज आला.

“आहे, आहे.”

त्या क्षणी मला एवढंच म्हणायचं होतं की आजोबा, नाव राहू द्या, यादी आम्ही काढतो. त्याने माझा सन्मान गेला असता. मिहीर चिडला असता. एवढंच झालं असतं. नोकरी गेली नसती, कुणी मेलं नसतं.

“मग काय करायचं, आजोबा?” मी विचारलं. “डी लिहू? तुमच्या झाडांसाठी म्हणतोय मी.”

“फळं लिंबायेवढी झाल्यात,” ते म्हणाले. “आत्ता पानी तुटलं तर गळत्याली. लिवा, काय लिवायचं ते लिवा. पानी तेवढं चालू करा.”

“चालतंय. लगेच करतो.”

“हं,” ते म्हणाले, आणि आवाजात जरा ओळखीचा सूर आला. “‘चालतंय’ म्हनला न्हवं का आत्ता? तुमी आमच्याच भागातलं दिसता, साहेब. कुठलं म्हनायचं?”

“पुण्याचाच.”

“आसंल, आसंल. वडलांचं नाव काय म्हनायचं?”

आमच्याकडे हा प्रश्न सगळेच विचारतात. त्यात चौकशी नसते, माणूस कुठे बसवायचा ते ठरवायचं असतं. मला फोन ठेवता आला असता. लाइन गेल्याचं सोंग करता आलं असतं. खरंही सांगता आलं असतं, खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

“दिनकर,” मी म्हणालो.

“चांगलं हाय,” म्हातारा म्हणाला. “त्येंच्या आईची पयली पोरं जगली आसत्याल.”

फोन ठेवला आणि मी त्यांच्या खात्यात डी टाइप केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर सुरू झाल्याची नोंद पडद्यावर आली. आठ वाजून चार मिनिटं. दिवसपाळीची लाइट येताच त्यांनी बटण दाबलं असणार.

ऑडिटर आले, आमच्या हिरव्या चाचण्या बघून त्यांनी माना हलवल्या, दुपारी मिसळ खाल्ली आणि ‘अ’ देऊन गेले. सदतीस नावांच्या यादीवरून त्यांनी मार्करचं टोक फिरवलेलं मी पाहिलं. एक जण हसलाही. सन्मानाच्या फलकावर नाव काय घालायचं, म्हणून एचआरमधून फोन आला. “पूर्ण नाव सांगता का? वडिलांच्या नावासकट?” मी म्हणालो, ओळखपत्रावर आहे तसंच घाला.

शलाकाला काही मिळालं नाही. ऑडिट संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिने खाती तपासायला घेतली. मिहीरला आता ‘अ’ मिळाला होता, त्यामुळे त्याने तिला अडवलं नाही, विचारलंही नाही. सोळा दिवस ती उशिरापर्यंत थांबून एकेक खात्यावर खूण करत होती. सतराव्या दिवशी तिने माझी यादी कोडमधून काढली आणि मला येऊन सांगितलं.

“चौतीस खरी माणसं निघाली तुझ्या यादीत,” ती म्हणाली. “बाकी तेहेतीस जणांनी फोनच केला नाही. सेवा बंद झाली, गप्प बसले.” जाता जाता ती थांबली. “गळव्यांचं नाव मी परत पूर्ण केलंय. तुला माहीत असलेलं बरं, म्हणून सांगते.”

मी मान हलवली. मी हुशार आहे असं तिने कधी म्हटलं नव्हतं. त्या ऑफिसात माणसाची पारख असलेली तेवढी एकच होती.

मे महिन्यात मी जतला गेलो. फलक बॅगेत कपड्यांत गुंडाळून नेला होता. काळ्या लाकडावर पितळी पत्रा, हातभर लांब, मिहीरच्या खर्चिक आवडीला शोभेसा. आबा ओसरीत बसले होते. निवृत्त होऊन त्यांना तीन वर्षं झाली होती, पण बोटांच्या रेघांतलं टायरचं काळं अजून गेलं नव्हतं. त्यांनी फलक मांडीवर घेतला, धोतराच्या सोग्याने पत्रा पुसला आणि उजेडाकडे धरला. इंग्रजी अक्षरं त्यांना गाड्यांच्या नंबरांमुळे येत होती. एकेक अक्षरावर बोट ठेवत ते मोठ्याने वाचायला लागले.

“एच… ई… एम… ए… एन… टी. हेमंत.” बोट पुढे सरकलं आणि थांबलं. “डी.”

मी उठून पाणी प्यायला आत जाणार होतो.

“ह्यो डी म्हंजी मीच का रं?” आबांनी विचारलं.

“हो, आबा.”

“मंग पुरं का न्हाई घाटलं?”

“जागा नव्हती.”

आबांनी फलकाकडे पाहिलं. त्या डीच्या दोन्ही बाजूंनी पितळ मोकळं पडलेलं होतं. त्यांनी चार बोटं जुळवून अक्षरांशेजारी ठेवली, ती मावली. मग दुसऱ्या बाजूला ठेवली, तिथेही मावली. फलक त्यांनी जपून कोनाड्यात उभा केला, तो पडणार नाही ना ते दोनदा पाहिलं आणि आत गेले.

परत आले ते माझ्यासाठी पाणी घेऊन. माझ्या हातात त्यांनी फुलपात्र दिलं आणि शेजारी बसले.

“अक्षराला धा पैसं घेतलं हुतं त्यानं,” आबा म्हणाले. “तुजी आय म्हनली, मदलं नाव ऱ्हाऊ द्या, येवढ्याशा भांड्यावर मावायचं न्हाई. म्या म्हनलं, घाल की, मावतंय.”

फुलपात्र माझ्या हातात होतं. अंगठ्याखाली टिंबं लागत होती. मावलं होतं.